क्रूझच्या बॅगेत हमखास राहून जाणाऱ्या वस्तू

सगळ्यात आधी एक छोटी हातातली बॅग वेगळी भरा. बंदरावर सोपवलेलं मोठं सामान केबिनपर्यंत पोहोचायला कित्येकदा संध्याकाळ होते. तोवर पासपोर्ट, रोजची औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि मुलांसाठी एक जोड जवळच हवा. औषधं तर मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका.

दुसरी वस्तू म्हणजे चुंबकाचे हुक. बहुतेक जहाजांच्या केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे ओले कपडे, टोप्या, पिशव्या टांगायला हे हुक फार उपयोगी पडतात; एवढ्याशा खोलीत तेवढीच जागा मोकळी होते. प्लगही मोजकेच असतात. पण सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक कंपन्या आगीच्या धोक्यामुळे काढून घेतात, म्हणून अनेक यूएसबी पोर्टचा साधा चार्जर न्या. इस्त्री घरीच ठेवा.

बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. डेकवर वारा बोचतो, एक पातळ जाकीट असू द्या. आणि जहाज सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रातलं रोमिंग भलतंच महाग पडतं.