डॉक्टर न होता हॉस्पिटलमध्ये चांगलं करिअर कसं करायचं

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की आमच्यासारख्यांचे फोन वाजायला लागतात. मार्क कमी पडले, पण मुलीला मेडिकल लाईनच हवीये, आता काय करू? मी सिस्टर आहे, नोकरीची बरीच वर्षं आयसीयूत गेली, त्यामुळे पुढे जे लिहितेय ते नर्सिंगकडे थोडं झुकणार हे आधीच सांगून टाकते. पण लॅबवाले, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचे टेक्निशियन, एक्स-रेवाले, डायलिसिसवाले, इन्शुरन्स डेस्कवर बसणारे हे सगळे रोजचेच सोबती आहेत, आणि त्यांच्यातले कोण पुढे गेले आणि कोण दहा वर्षं तिथेच राहिले हे डोळ्यासमोर आहे. फरक मार्कांचा नव्हता. नोंदणी होणारा कोर्स कुणी केला आणि पहिली दोन वर्षं कुणी कुठे घालवली, एवढाच होता.

तर आधी कोर्स. नर्सिंगमध्ये तीन रस्ते आहेत. एएनएम म्हणजे नर्स-सुईणीचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएमला आर्ट्स-कॉमर्सवालेही चालतात, बारावीला इंग्लिश लागतं. बीएस्सीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो पाहिजेच आणि महाराष्ट्रात त्यासाठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी प्रवेश परीक्षा असते, फॉर्मची तारीख चुकली की वर्ष गेलं, म्हणून नीटच्या नादात हा फॉर्म भरायचा राहू देऊ नका. जीएनएम केलं म्हणजे दार बंद झालं असंही नाही, नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सीच्या बरोबरीला येता येतं आणि आमच्याकडच्या कितीतरी इनचार्ज सिस्टर तशाच आल्यात. घरची परिस्थिती बेताची असेल तर सरकारी हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलचा फॉर्म आधी भरा, फी कमी आणि पेशंट भरपूर, खासगीतल्या चकचकीत बिल्डिंगपेक्षा तिथे हात लवकर बसतो.

नर्सिंग नको असेल तर बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्री बघा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कोर्स आहे, त्यात लॅब, ओटी, रेडिओलॉजी, कार्डिओलॉजी वगैरे शाखा येतात आणि सरकारी मेडिकल कॉलेजातही चालतो. लोकांना हा माहीतच नसतो. सगळे डीएमएलटी डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) करत बसतात आणि मग गल्लीतल्या कुठल्यातरी इन्स्टिट्यूटमध्ये सहा महिन्यांचा 'नर्सिंग असिस्टंट' किंवा एक वर्षाचा 'ओटी डिप्लोमा' करून येतात, ज्याची नोंदणी कुठेच होत नाही. हे मला फार खटकतं. पोरगी वर्षभर खपते, बाप कर्ज काढतो, आणि मोठ्या हॉस्पिटलच्या एचआरने पहिला प्रश्न विचारला की रजिस्ट्रेशन नंबर काय, तर उत्तर नाही.

म्हणून ॲडमिशन घ्यायच्या आधी काउंटरवर सरळ विचारा की कोर्स झाल्यावर माझी नोंदणी कुठल्या कौन्सिलला होणार. नर्सिंग असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, लॅब-ओटी वगैरे असेल तर पॅरामेडिकल कौन्सिल. समोरचा गोलगोल बोलायला लागला, 'आमचं सर्टिफिकेट सगळीकडे चालतं' म्हणाला, की चपला घाला. आणि कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, तिथे खरंच पेशंट असतात का, हे एखाद्या दुपारी जाऊन बघून या. रिकाम्या कॉट मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता पहिली नोकरी. पगाराचा आकडा ऐकून घरचे नाराज होतात आणि त्यांचं चुकत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली होती की ५० बेडच्या आतल्या खासगी हॉस्पिटलनेही नर्सला महिना २० हजाराच्या खाली देऊ नये आणि २०० बेडच्या वरच्यांनी सरकारीइतकं द्यावं. ती शिफारस कागदावर आहे, जिल्ह्याच्या गावात जाऊन विचारा काय मिळतं ते. तरी सुद्धा मी म्हणेन की पहिल्या नोकरीत हजार-दोन हजारासाठी हॉस्पिटल निवडू नका, काय शिकायला मिळतं त्यावर निवडा. इंटरव्ह्यूला आपणही प्रश्न विचारायचे असतात हे मुलींना कुणी सांगतच नाही. रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटला वेगळी सिस्टर असते का? नवीन मुलींना किती दिवस सिनिअरबरोबर ठेवतात? पीएफ, ईएसआय कापतात का? 'सगळं बघायला मिळेल' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ बऱ्याचदा एकटीनेच सगळं बघायचंय असा असतो.

पहिल्या दोन वर्षांत एकदा तरी कॅज्युअल्टी (इमर्जन्सी विभाग) किंवा आयसीयू मिळवाच. जनरल वॉर्ड वाईट नाही, तिथे माणसं कळतात, पण पुढे सरकारी परीक्षा असो, परदेश असो, मोठं कॉर्पोरेट असो, क्रिटिकल केअरचा अनुभव विचारतातच. आणि स्वतःच्या खर्चाने का होईना बीएलएस, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून जीव वाचवायचं ट्रेनिंग करून टाका, आयसीयूत असाल तर त्याच्या पुढचं एसीएलएस पण. ते कार्ड दोन वर्षं चालतं, मग परत करायचं. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान ५ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, हे पाठ सगळ्यांचं असतं पण पुतळ्यावर घाम गाळल्याशिवाय दीड मिनिटात हात कसे गळतात ते कळत नाही.

ज्या कामाने माणूस ओळखला जातो ते म्हणजे हँडओव्हर. इंजेक्शन सगळे देतात, शीर आज ना उद्या सगळ्यांना सापडते. पण सकाळी आठला ड्युटी बदलताना कोण काय बोलतं त्यावरून इनचार्जला पाच मिनिटांत कळतं की ही मुलगी वॉर्ड सांभाळू शकेल का नाही. एक प्रकार असा, 'सहा नंबर, काल ऑपरेशन झालं, रात्री जरा बीपी लो होतं, आता ठीक आहे, बाकी काही नाही.' आणि दुसरा प्रकार, 'सहा नंबर, आतड्याचं ऑपरेशन, पहिला दिवस, रात्री दोनला बीपी ९०/६०, ड्युटीवरच्या आरएमओ सरांना दोन पाचला फोन केला, त्यांनी येऊन बघितलं, ५०० एनएस सलाईन द्यायला सांगितलं ते दिलं, पावणेतीनला ११०/७०, लघवी आता तासाला ४०च्या आसपास, ड्रेनमध्ये १५० आहे आणि रंग कालच्यापेक्षा लाल वाटतोय, क्रिएटिनिन पाठवलंय रिपोर्ट यायचाय, मुलगा बाहेर बसलाय त्याला सरांनीच सांगितलंय.' दुसरी सांगणारी जेमतेम अर्धा मिनिट जास्त घेते. वेळ, आकडा, कुणाला कळवलं, काय बाकी आहे. आणि हेच्या हेच केसपेपरवर, पेनाने, त्याच वेळी. सकाळी सात वाजता बसून रात्रीच्या सगळ्या नोंदी एका दमात लिहिणाऱ्यांचं अक्षर बघूनच ओळखू येतं, आणि एखादी केस कोर्टात गेली की तो कागदच तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलतो.

सॅम्पलचंही तेच. लॅबवाल्या दादांशी भांडण्यापेक्षा एक दिवस त्यांच्या टेबलाशी उभं राहून बघा. निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कमी भरली तर रक्त गोठण्याचा रिपोर्ट चुकतो. आणि रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या ट्यूबमधलं थोडं लाल ट्यूबमध्ये ओतलं की पोटॅशियम खोटंच वाढून येतं, कारण जांभळ्या ट्यूबमधल्या औषधात पोटॅशियमच असतं. मग रात्री दोनला सगळे पळतात, ईसीजी काढतात, पेशंट मात्र मस्त झोपलेला. ज्या सिस्टरला हे माहीत असतं तिला लॅब, डॉक्टर, सगळेच मान देतात.

स्वतःच्या जिवाचं बघा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, पहिला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी, ते कोर्सलाच पूर्ण करा आणि नंतर टायटर, म्हणजे रक्तात पुरेसं संरक्षण तयार झालं का ते तपासून घ्या, कित्येकजण डोस घेतात आणि टायटर कधीच बघत नाहीत. सुई टोचली तर दाबून रक्त काढत बसायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच इनचार्जला सांगून कॅज्युअल्टीत जायचं, एचआयव्हीसाठीची औषधं लागणार असतील तर जितकी लवकर तितकं बरं, पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. मुली लपवतात. ओरडा बसेल म्हणून. ओरडा बसला तर बसू दे. सुया पांढऱ्या डब्यात, सलाईनचे सेट लाल पिशवीत, रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, ही सवय एकदा लागली की मावशी-मामांनाही सुया टोचत नाहीत, आणि त्यांच्याशी नीट वागाल तर नाईटला तुमच्यासाठी धावून येणारे तेच असतात.

नातेवाईक हा वेगळा विषय आहे. आवाज चढला की आपण चढवायचा नाही, एकाच माणसाशी बोलायचं, 'तुमच्याकडून निर्णय कोण घेणार' हे पहिल्याच दिवशी विचारून फाईलवर नाव लिहून ठेवायचं. अंगावर आलेच तर सिक्युरिटी आणि पोलीस. महाराष्ट्रात २०१० पासून हॉस्पिटलच्या स्टाफवरच्या हल्ल्यासाठी वेगळा कायदा आहे आणि तो फक्त डॉक्टरांसाठी नाही, नर्स आणि पॅरामेडिकलही त्यात येतात.

रक्त बघून चक्कर येते पण हॉस्पिटलमध्येच काम करायचंय असेही असतात, त्यांनी हिरमुसू नका. बिलिंग, मेडिकल रेकॉर्ड, कॅशलेसचा डेस्क, क्वालिटी, एमएसडब्ल्यू करून सोशल वर्कर, हॉस्पिटल मॅनेजमेंट, भरपूर आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर बसणारे आरोग्यमित्र बघा, रेशनकार्डवर नाव एक आणि आधारवर दुसरं अशी कागदं घेऊन आलेल्या माणसाचं ऑपरेशन योजनेत बसवून देणारा माणूस त्या घराला डॉक्टरइतकाच आठवतो. या बाजूला वर चढायचं असेल तर हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या एनएबीएचचं काम शिका. तपासणीच्या आधी सगळ्यांची धावपळ उडते तेव्हा फाईली कुठे आहेत हे ज्याला माहीत, त्याला कुणी सोडत नाही.

सरकारी नोकरी हवी असेल तर ती वेगळी तयारी आहे. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून राज्यात लागलात तर बेसिक ३५,४०० पासून, एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर झालात तर ४४,९००, वर भत्ते. मुलग्यांनो, नॉरसेटमध्ये ८० टक्के जागा मुलींना असतात त्यामुळे तुमचा कटऑफ चढा जातो, त्या हिशोबाने अभ्यास करा. नाईट करून अभ्यास होत नाही असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे. नाईटनंतरच्या दिवशी पुस्तक उघडूच नका, झोपा. ऑफ आणि दुपारच्या ड्युटीआधीची सकाळ, एवढाच वेळ आपला.

परदेशाचं सध्या फार चाललंय. २०२४ ला महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केल्यापासून गावोगावी जर्मनचे क्लास निघालेत. जायला हरकत नाही, पण तिथे पूर्ण नर्स म्हणून नोंदणी व्हायला साधारण बी-टू लेव्हलचं, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल इतकं जर्मन लागतं, तीन महिन्यांत होतं सांगणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका. आखातात डेटाफ्लो आणि प्रोमेट्रिक (लायसन्ससाठीची परीक्षा) असतं. डेटाफ्लो म्हणजे तुमच्या जुन्या हॉस्पिटलला ते स्वतः विचारणार की ही बाई इथे खरंच होती का, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. हॉस्पिटल बंद पडलेलं असतं, नाहीतर लेटरवर नुसतं 'काम केले' असतं, तारखा नाहीत, डिपार्टमेंट नाही. म्हणून नोकरी सोडायच्या दिवशीच लेटर घ्यायचं, त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग, बेडची संख्या आणि सही-शिक्का. सॅलरी स्लिप दर महिन्याला मेलवर साठवा. आणि ओरिजिनल मार्कशीट, रजिस्ट्रेशन कुणाकडेही ठेवायला द्यायचं नाही, बॉण्डच्या नावाखाली मागतात, एजंट पण मागतात, दाखवा, झेरॉक्स द्या, आणि ओरिजिनल पर्समध्ये घालूनच खुर्चीतून उठा.