शेतात सापडलेलं लोखंड कसं ओळखायचं

मेटल डिटेक्टरचं मशीन वाजलं, लोखंड निघालं, की आमच्याकडे आधी कानस शोधतात. घासू नका, गंजासोबत आकारही जातो. माती ब्रशने झाडा अन् कडा बघा. एकच धार झिजलेली लांब पट्टी बहुधा वखराची पास, म्हणजे त्याचं पातं. जाड, वाकलेली पट्टी म्हणजे बंडीच्या (बैलगाडीच्या) चाकाची धाव, चाकावरची लोखंडी पट्टी. छोटी चपटी पत्री, कडेला भोकं, तर बैलाची नाल. खूर दुभंगलेलं म्हणून एका पायाला दोन लागतात. चौकोनी अंगाचा खिळा बहुतेक लोहाराच्या हातचा.

पण वावरात मोठ्या दगडांचं रिंगण असेल तर मशीन बंद करा. नागपूर जिल्ह्यातल्या माहुरझरी, नैकुंडच्या अशाच शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या आहेत, दोन हजार वर्षांहून जुन्या. तिथली वस्तू उचलू नका, जागेवरच फोटो काढा अन् तहसीलला कळवा.