मोडत आलेल्या संसारावर डॉक्युमेंटरी करायची असेल तर

पहिल्या तीन-चार खेपा कॅमेरा न घेता जा. कोथरूडच्या एका जोडप्याकडे मी दोन वर्षं शूटिंग करत होते. चौथ्या खेपेला ताईंनी चहासाठी फ्रिज उघडला, तर आत अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्या. एक त्यांची, एक दादांची. माझी फिल्म मला तिथे सापडली. कॅमेऱ्यासमोरचं भांडण बरेचदा कॅमेऱ्यासाठीच होतं, पिशव्या मात्र रोज सकाळी येतात.

संमतीपत्र दोघांकडून वेगवेगळ्या दिवशी घ्या. शेजारी शेजारी बसवलंत तर एकाच्या नकाराला तोंडच फुटत नाही. त्यांची मुलगी तेव्हा नववीत होती. आईवडील दोघंही हो म्हणत होते, तरी तिला मी फ्रेममध्ये घेतलं नाही.

घरातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आवाजाकडे त्याहून जास्त लक्ष द्या, कारण अशा घरात माणसं हळू बोलतात. मुलाखतीपुरता फ्रिज बंद करायचा आणि आपल्या स्कूटरची किल्ली त्यात ठेवायची, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही. उठण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये कापलेल्या जागी तो भरता येतो.

माझी मोठी चूक एडिटिंगला बसल्यावर कळली. मी कायम स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी. त्यामुळे दादा प्रत्येक शॉटमध्ये दारातून आत येणारे, जणू परके. दोघांपैकी कुणावरही मी अन्याय करायला गेले नव्हते, पण कॅमेऱ्याने बाजू घेतली होती. नंतर सहा सकाळी मी बाल्कनीत त्यांच्याजवळ बसून काढल्या, ते झाडांना पाणी घालत असताना. तुम्ही दर आठवड्याला फुटेज बघून आपण कुठे उभे होतो ते लिहून ठेवा.

प्रकरण शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात गेलं की आधी वकिलाला भेटा. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे कुठल्याही एका पक्षाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड होते, आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ अशा कामकाजाबद्दल काही छापायला, प्रसिद्ध करायला मनाई करतं. तारखांचं चित्रण मी सोडूनच दिलं. आणखी एक, फुटेज दोघांपैकी कुणालाही पेनड्राइव्हवर देऊ नका. एकाची मुलाखत दुसऱ्याच्या हाती पुरावा म्हणून पडायला वेळ लागत नाही.

रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, दोघांना वेगवेगळा दाखवा आणि संमती पुन्हा विचारा. पहिली सही करताना आपण काय बोलून जाणार आहोत हे कुणाला ठाऊक असतं? दादांनी एकच वाक्य काढायला सांगितलं, ताईंबद्दलचं. फिल्ममधलं सगळ्यात ताकदीचं तेच होतं. मी काढलं. त्या जागी आता बारा सेकंद नुसत्या खोलीचा आवाज आहे.