चौकटींच्या कोपऱ्यातली भोकं

एन्ट्रलॅकचा (तिरक्या चौकटी एकमेकींत गुंफल्यासारख्या दिसतात ते विणकाम) गळपट्टा गोल सुईवर घातला, आठ-आठ टाक्यांच्या चौकटी. रंगीत लोकर छान उतरत होती, पण चौकटींची तिसरी रांग झाल्यावर उजेडात धरला तर प्रत्येक कोपऱ्यात भोक! एक तर एवढं मोठं, की करंगळी आरपार.

आधी वाटलं, हात सैल आहे. बारीक सुई घेतली, फरक शून्य. मग कडा नीट पाहिली. मी प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणत होते, त्यामुळे कड गाठीगाठींची झाली होती आणि पुढच्या चौकटीसाठी त्या कडेतून टाके उचलताना मिळेल तिथे सुई खुपसत होते. कुठे सात, कुठे नऊ.

दीड रांग उसवली. (जीवावर आलं.) आता पहिला टाका न विणता नुसता सरकवते. सोळा ओळींच्या कडेला बरोबर आठ साखळ्या दिसतात, प्रत्येकीतून एक टाका. शेवटचा मात्र अगदी कोपऱ्याच्या सांध्यातून उचलते आणि पुढच्या ओळीत त्याच्या मागच्या फासातून विणते, म्हणजे पीळ बसून भोक मिटतं.

आधीची भोकं? तीच लोकर सुईत ओवून उलट बाजूने आवळली.