फ्रेंच चीज चाखताना: मराठवाड्याच्या उन्हाचा हिशेब धरून

फ्रेंच चीजची नावं पाठ करत बसू नका. नावं शेकड्यांनी आहेत, घराणी मात्र मोजकी. पहिल्या बैठकीला चार घराण्यांतला एकेक नमुना पुरे: शेळीच्या दुधाचं ताजं चीज, पांढऱ्या बुरशीच्या सालीचं कामाँबेर, दाबून मुरवलेलं काँते आणि निळ्या बुरशीचं रोकफोर. माणशी प्रत्येकाचे २५ ग्रॅम धरा. याहून जास्त घेतलं, तर तिसऱ्या तुकड्यानंतर जिभेला फरकच कळत नाही.

अस्सल कामाँबेर, काँते आणि रोकफोरमध्ये दूध साकळायला प्राण्याच्या जठरातलं रेनेट वापरतात. घरात शाकाहार पाळत असाल तर पाकिटावरचं हिरवं चिन्ह आणि ‘मायक्रोबियल रेनेट’ (सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट) हे शब्द बघूनच घ्या. कामाँबेरच्या धर्तीचं भारतीय चीज सुरुवातीला चालेल. गरोदर बाईला कच्च्या दुधाचं किंवा मऊ सालीचं चीज देऊ नका, त्यात लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो.

मुंबई-पुण्याहून आणणार असाल तर रात्रीच्या गाडीने आणा. थर्मल पिशवीत गोठवलेले जेल पॅक ठेवा, पण ते चीजला थेट टेकू देऊ नका; मध्ये कागद हवा. घरी आल्यावर प्लॅस्टिक काढून बटर पेपरात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. सालीवरची बुरशी जिवंत असते. प्लॅस्टिकमध्ये ती घुसमटते, पाणी सुटतं आणि अमोनियाचा वास धरतो.

खरी गफलत होते ती पुढे. फ्रेंच पुस्तकांत ‘तासभर आधी बाहेर काढा’ असं लिहिलेलं असतं. त्यांची खोली १८-२० अंशांची. लातूर-नांदेडला मे महिन्यात तेवढा वेळ ठेवलंत तर काँतेला तेल सुटेल आणि कामाँबेर ताटात पसरेल. उन्हाळ्यात १५-२० मिनिटं बास, तीही पंख्याखाली नको, कारण कापलेली बाजू वाळते. डिसेंबरात परभणीच्या थंडीत मात्र तासभर खुशाल ठेवा. फ्रिजमधून काढून लगेच खाल्लं तर मेण चावल्यासारखं लागतं. स्निग्धांश गोठलेला असताना चव मोकळी होत नाही.

क्रम सौम्याकडून तिखटाकडे. आधी शेळीचं: लोआर खोऱ्यातल्या सँत-मोर या चीजच्या नळकांड्यात आरपार गव्हाच्या किंवा राय या गव्हासारख्या धान्याच्या ताटाची काडी असते, ती काढून मग कापा. उस्मानाबादी शेळीचं दूध प्यायलेल्यांना हा वास परका वाटणार नाही. मग कामाँबेर. ते सालीकडून आत पिकत जातं, म्हणून मध्यापासून कडेपर्यंत त्रिकोणी फोड कापा. मधलाच भाग उचलला तर दुसऱ्याच्या वाट्याला नुसती साल येते. साल खायची असते. त्यानंतर काँते: झ्युरा डोंगरातलं, किमान १२० दिवस मुरवलेलं, सुमारे ४० किलोच्या एका चाकाला साधारण ४०० लिटर दूध लागतं. याची साल मात्र सोडा. शेवटी रोकफोर. मेंढीच्या कच्च्या दुधाचं हे चीज एकाच गावाच्या गुहांत पिकतं आणि १९२५ पासून त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. आधी हे खाल्लंत तर बाकी तिघं फिकी पडतील. एपोआससारखं, पिकताना साल पुन्हापुन्हा धुतलेलं उग्र चीज दुसऱ्या खेपेला ठेवा. त्याच्या वासातून फ्रिजमधलं दहीसुद्धा सुटत नाही.

सोबत कडक, गार झालेली ज्वारीची भाकरी उत्तम. गरम भाकरीवर चीज वितळून चवीचा मेळ बिघडतो. रोकफोरसोबत मध किंवा सुकं अंजीर, काँतेसोबत अक्रोड. ठेचा त्या ताटात नकोच.

उरलेलं चीज नव्या कागदात बांधा, फ्रीजरमध्ये टाकू नका, भुसभुशीत होतं. काँतेवर परकी बुरशी आली तर भोवतालचे किमान अडीच सेंटिमीटर कापून बाकी खाता येतं. मऊ चीजवर काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सगळंच टाकून द्या. कामाँबेरला अमोनियाचा हलका वास असेल तर अर्धा तास उघडं ठेवून बघा. गेला तर खा, डोळ्यांना झोंबत राहिला तर त्याचा काळ संपलाय.