भावनांची जनुकचाचणी: लाळ देताना, अहवाल वाचताना

लाळ देण्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. शेंगाचटणीचे कण, मिश्री, तंबाखू तोंडात राहिली तर नमुना बिघडतो. चूळ भरून १० मिनिटं थांबा. फेस न धरता नळीवरच्या रेषेपर्यंत, साधारण २ मिली लाळ भरा. संरक्षक द्रव नीट मिसळा, नाहीतर सोलापूरच्या उन्हाळ्यात जंतू वाढून डीएनए तुटतो.

अहवाल मात्र फार जपून वाचा. सेरोटोनिन हे मेंदूतलं, मनःस्थितीशी जोडलेलं रसायन; ते वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आखूड प्रकार असलेल्यांचा अमिग्डाला (मेंदूतला भीतीसारख्या भावना हाताळणारा भाग) भेदरलेले चेहरे पाहताना जास्त चेततो, असं २००२ साली दिसलं. पण तपासलेली माणसं होती २८. पुढे माणसं वाढली तसा हा परिणाम लहान होत गेला. एवढ्यावरून पोराला भित्रं ठरवू नका, आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच बदलू नका.