जुन्या विटांच्या घरातील ओल: भिंत दुरुस्त करताना या चुका टाळा

गणपतीच्या आधी पंधरा दिवस भिंतीचे पोपडे खरवडायचे, पुट्टीचे दोन हात मारायचे आणि वर रंग द्यायचा, हा क्रम विटा-चुन्याच्या जुन्या घरांत वर्षानुवर्षे चालतो आणि पुढच्या श्रावणात त्याच जागी रंगाला पुन्हा फुगे येतात. त्यात रंगाचा दोष क्वचितच असतो. भिंतीत पाणी कोठून येते हे न पाहताच तिच्यावर थर चढवलेले असतात.

ओल कोणत्या आकाराने दिसते यावरून बराच उलगडा होतो. जमिनीपासून सुरू होऊन साधारण तीन-साडेतीन फुटांवर, वेडीवाकडी का होईना, आडवी रेघ धरून थांबणारी ओल बहुधा पायातून चढलेली असते. वरून खाली ओघळणारी ओल दिसली की कौले, पन्हळ किंवा गच्ची तपासावी. एकाच जागी डाग असून तो ऐन उन्हाळ्यातही वाळत नसेल, तर भिंतीपलीकडे मोरी किंवा भिंतीत गाडलेला जुना लोखंडी नळ आहे का, हे आधी बघावे. तरीही शंका उरली तर हातभर लांबीची अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावी आणि दोन दिवसांनी पाहावी. खोलीकडच्या बाजूस थेंब धरले असतील तर ती खोलीतल्या दमट हवेची करामत आहे आणि खिडकी उघडी ठेवण्याने बरेच काम भागेल. भिंतीकडच्या बाजूस धरले असतील तर पाणी भिंतीतूनच येत आहे.

आमच्या माजघराची ओल पायातून चढते असे गृहीत धरून आम्ही दोनदा गिलावा केला. तिसऱ्या खेपेस आलेल्या वयस्कर गवंड्याने गिलाव्याला हातच लावला नाही. रंगपंचमीचा उरलेला रंग पाण्यात कालवून त्याने तो मोरीच्या फरशीवर कडेकडेने ओतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरातल्या उघड्या विटांच्या दर्जांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, तांबूस पाणी पाझरलेले दिसले. फरशीचे सांधे भरण्याचे काम पुढे अर्ध्या दिवसात झाले.

घराबाहेरची जमीन हे कारण सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत जातात, अंगणात पेव्हर ब्लॉक बसतात आणि कधीकाळी दोन हात उंच असलेले जोते हळूहळू बुजते; जुन्या पेठांतील कित्येक वाड्यांत आज रस्त्यावरून पायरी उतरून आत जावे लागते, ते यामुळेच. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली आणि उतार भिंतीपासून दूर असेल, तरच आतल्या दुरुस्तीला अर्थ आहे.

यानंतरची चूक सर्वांत महाग पडते, ती म्हणजे चुन्यात बांधलेल्या मऊ विटांवर सिमेंटचा गिलावा करणे. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओलावा पृष्ठभागापर्यंत येऊ देतो आणि तेथून तो हवेत निघून जातो. सिमेंटचा घट्ट थर ही वाट अडवतो. मग पाणी थराच्या मागून आणखी वर चढते, क्षार विटेच्या पोटातच जमतात आणि काही वर्षांत सिमेंट शाबूत राहून मागची वीट भुगा होते. थापीच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर हेच घडले आहे असे समजावे. अशा ठिकाणी गिलावा दिसत्या ओलीच्या दीड फूट वरपर्यंत काढावा, दर्जा पाऊण इंच खरवडाव्यात आणि मुरवलेला चुना एक भाग, स्वच्छ वाळू व सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) मिळून तीन भाग, अशा मिश्रणाने काम करावे. एका वेळी थर १२ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि तो काही दिवस दमट ठेवावा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, आणि त्याची मजुरीही जास्त असते, हे खरे.

विटांवर आलेला पांढरा लोणा पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. तो कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकावा. काढलेला जुना गिलावा चाळून नव्या मालात मिसळण्याची काटकसर तर मुळीच नको. ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर मेन स्विच बंद करूनच खरवडायला घ्यावे, आणि भिंतीला पोट आले असेल तर गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

टाइल, पीव्हीसी पॅनेल किंवा प्लायवूड लावून ओल झाकली की ती त्यांच्या वरच्या कडेला डोके काढते. भिंतीत भोके पाडून रसायन भरण्याचा उपाय काही ठिकाणी लागू पडतो. मात्र मधोमध दगड-माती भरलेल्या जाड भिंतीत ते सलग पसरेल याची खात्री धरता येत नाही.

उघडी केलेली भिंत वाळायला वेळ लागतो. एक इंच जाडीला साधारण एक महिना, असा ढोबळ हिशेब बांधकामात धरतात, म्हणजे नऊ इंची भिंतीला एक कोरडा हंगामही पुरेलच असे नाही. म्हणून पावसाळा संपताच, ऑक्टोबरमध्ये, गिलावा काढावा, ओलीची वरची रेघ पेन्सिलीने आखून बाजूला तारीख लिहावी आणि नवा गिलावा फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबवावा. त्यावर प्लास्टिक पेंट न देता चुन्याचाच हात द्यावा आणि कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे.

पहिल्या वर्षी नव्या गिलाव्यावर थोडी पांढरी पूड दिसली तर ती झाडून टाकावी. उरलेले क्षार बाहेर पडत असतात. ओल मात्र पेन्सिलीच्या जुन्या रेघेएवढ्या उंचीच्या वर गेली, तर गिलाव्याला पुन्हा हात न लावता भर पावसात बाहेर जाऊन पन्हळीचे पाणी नेमके कोठे पडते ते पाहावे.